काकाजी जर्मन गाडी घेऊन राहिले

शेजारचे काकाजी जुनी जर्मन गाडी घेणार, ही बातमी मला काकाजींनी सांगितली नाही; दूधवाल्यानं सांगितली. त्याला इस्त्रीवाल्यानं सांगितली होती आणि इस्त्रीवाल्याला खुद्द काकूंनी. म्हणजे वर्ध्याजवळच्या सिंदी (मेघे)मधल्या आमच्या ले-आउटातली निम्मी घरं फिरून ती माझ्या दारी आली. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी कंपाउंडची भिंत आहे. तिच्यावर काकू मुगाच्या वड्या वाळवतात, काकाजी पेपर उलगडतात आणि मी कोपर टेकून उभा राहतो. संध्याकाळी मीच विषय काढला.

"काकाजी, मोठी गाडी घेऊन राहिले म्हणे?"

"कोणं सांगतलं?"

"कोणं नाई सांगतलं ते विचारा."

काकाजींनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. "हिच्या पोटात काही राहत नाई बाप्पा. घेतली नाई अजून. पाहून राहिलो."

पाहणं म्हणजे काय, तर पुण्याचा मुलगा रोज रात्री मोबाइलवर गाड्यांचे फोटो पाठवतो आणि काकाजी सकाळी ते चष्मा लावून बोटांनी मोठे करकरून बघतात. त्यातली एक मनात भरली. पांढरी, नऊ वर्षांची, दोन लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, आत बदामी चामड्याच्या सीटा, वर काचेचं छत. नवी असताना रस्त्यावर येईपर्यंत पन्नास लाखांच्या पुढं गेलेली. आता नागपूरच्या एका दलालाकडे साडेचौदा लाख. मीटरवर बहात्तर हजार किलोमीटर. मालक डॉक्टर. (जुनी गाडी विकायला निघाली की तिचा मालक डॉक्टरच असतो आणि त्यानं ती घर ते दवाखाना एवढीच चालवलेली असते. ठेकेदारानं दामटलेली गाडी विकायला निघाल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.) कंपनीचं नाव मी घेत नाही; पुढं काय झालं ते वाचलंत की कारण कळेल.

काकाजी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. आधी लुना, मग बजाजची स्कूटर, मग आल्टो. आल्टो अजून दारात आहे आणि काकू तिच्यावरच समाधानी आहेत. मग हे खूळ कुठून आलं? मला वाटलं मुलानं भरवलं. तसं नव्हतं.

"तुम्हाले सांगतो गुरुजी," काकाजी आवाज खाली करून म्हणाले, "विरूळच्या अलीकडं माह्या बापाचं वावर होतं. मधातून समृद्धी गेला. रस्त्याच्या इकडं दोन एकर रायलं, तिकडं दीड. पैसे भेटले, चांगले भेटले, ते काई म्हणत नाई मी. पण त्या रस्त्यावर आल्टो नेली का ट्रकवाले मागून हॉर्न मारतात. मले त्या वावरावरून एकदा एकशे वीसनं जाचं आहे. आपल्या गाडीनं."

यावर मी काय बोलणार? ७०१ किलोमीटरचा तो समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा जोडला गेला. वर्धा जिल्ह्यात सेलू, वर्धा, आर्वी या तीन तालुक्यांतून तो जातो. आम्हाला चढायला येळाकेळी आणि विरूळ. लहान गाड्यांना वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर. ज्यांची जमीन त्यात गेली त्यातल्या कितीकांनी त्या पैशाची घरं बांधली, पोरींची लग्नं केली, गाड्या घेतल्या. आता पवनारहून गोव्यापर्यंत शक्तिपीठ महामार्ग काढायचं चाललंय, म्हणजे आणखी भिंतींवर आणखी अशाच गप्पा होणार.

तरी मी मास्तर. हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. वर्ध्यात मोठ्या रकमेचा अंदाज येत नसेल तर ती कापसात मोजावी. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. साडेचौदा लाख म्हणजे एकशे ऐंशी क्विंटलला जरासे कमी, आणि तेही सरकारी खरेदी करणाऱ्या सीसीआयनं ओल न काढता सगळा कापूस घेतला तर.

"एकशे ऐंशी क्विंटल!" खिडकीतून काकूंचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या हे सांगायला नको. "इतका कापूस तं यायच्या बापानं सात वर्षांत नाई पिकवला."

"तू भाजी पाहा," काकाजी म्हणाले.

काकाजींचा मुद्दा असा की साडेचौदा लाखांत नवी घ्यायला गेलं तर पत्र्याची उंच गाडी येते, जी आता वर्ध्यात प्रत्येक तिसऱ्या दारात उभी आहे. इथं त्याच पैशात अशी गाडी मिळते जिचं दार बंद केलं की आवाजसुद्धा श्रीमंत येतो. शिवाय आज महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला पंधरा टक्के रोड टॅक्स लागतो. पहिल्या मालकानं तो भरून टाकलेला असतो. पन्नास लाखांची गाडी साडेचौदाला आली ती काही मोडली म्हणून नाही. पहिल्या नऊ वर्षांची घट दुसऱ्या कोणीतरी सोसली म्हणून. हे सगळं खरं आहे. जुनी आलिशान गाडी घेण्याची भुरळ पडते ती ह्याच हिशेबानं, आणि हा हिशेब चुकीचा नाही. अर्धा आहे.

"अन् डिझेल," काकाजी बोट मोजत म्हणाले. "पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल घालून राहिले. जुन्या गाडीले ते सोसन का नाई कोणाले ठाऊक. डिझेलले ती भानगड नाई. अन् स्वस्त."

स्वस्त! हे काकाजींच्या डोक्यात २०१२ सालचं बसलेलं आहे. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरला तीसेक रुपयांचं अंतर होतं, म्हणून जो तो डिझेल घेत होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचं सरकारी नियंत्रण गेलं आणि ते अंतर आवळत आवळत आता तेरा-चौदा रुपयांवर आलं. मी भिंतीवरच पेन्सिलीनं मांडून दाखवलं. काकाजी वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरतात. वावर, बाजार, नातेवाइकांची लग्नं आणि महिन्यातून एखाद-दोनदा नागपूर. डिझेलची मोठी गाडी लिटरला चौदा देईल, पेट्रोलची त्याच मापाची अकरा. म्हणजे डिझेलचे वर्षाला बावन्न हजार, पेट्रोलचे पंचाहत्तर-शहात्तर. वाचले तेवीस-चोवीस हजार. ह्या गाडीच्या दोन टायरांनाही ते पुरायचे नाहीत. तिच्या एका टायरला पंधरा-वीस हजार पडतात.

"अन् विमा," मी म्हटलं. "दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी ७,८९७ रुपये. आल्टोचा किती भरता?"

"दोन हजार समथिंग."

"मंग?"

काकाजींनी विषय दिल्लीला नेला. माणसाला उत्तर सुचेनासं झालं की तो स्वस्त गाडी काढतो. दुसऱ्या दलालानं दिल्लीची, अशीच, एक वर्षानं आणखी जुनी, दहा लाखांत देतो म्हणून सांगितलं होतं.

आता दिल्लीच्या डिझेल गाड्यांची कथा वेगळीच. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही असा हुकूम निघाला. लोकांनी एवढी बोंब मारली की दोन-तीन दिवसांतच सरकारनं पाऊल मागे घेतलं, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही वयाच्या कारणानं सक्तीची कारवाई तूर्त नको म्हटलं. मधल्या त्या गोंधळात चौऱ्याऐंशी लाखांना घेतलेली मर्सिडीज एका गृहस्थानं अडीच लाखांत फुंकून टाकल्याची बातमी देशभर गाजली. ती बातमी काकाजींनी कापून ठेवली आहे. त्यांना वाटतं आपल्यालाही असा एखादा घाबरलेला दिल्लीवाला भेटेल.

"भेटन," मी म्हटलं. "पण त्याच्या मागं एनओसी, मंग आपल्या आरटीओत नवा नंबर, इथला रोड टॅक्स पुन्हा, दिल्लीचा उरलेला टॅक्स वापस मागाचा तं त्याचे चकरा. एमएच-३२ पाटी लागेपर्यंत तुमची दाढी वाढन."

"नागपूरची बरी," काकाजी म्हणाले.

तेवढ्यात आर्वी नाक्याकडचे मिस्त्री मोटारसायकलवरून चालले होते. ट्रॅक्टरपासून बोलेरोपर्यंत डिझेलचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. काकाजींनी हाक मारली. मिस्त्री गाडीवरून उतरले नाहीत, एक पाय जमिनीवर टेकवून तसेच बोलू लागले. असे लोक उतरले नाहीत म्हणजे बराच वेळ थांबणार हे समजावं.

"इंजिनाचं म्हणाल तं जबरदस्त. दोन-तीन लाख किलोमीटर काही होत नाई, पण चालवणाऱ्यानं चालवलं पायजे. तुम्ही कुठी चालवान काकाजी? बजाज चौकात भाजी आणाले?"

"चालवीन ना. नागपूर आहे, यवतमाळ आहे."

"महिन्यातून एकदा. बाकी दिवस दोन-दोन किलोमीटर. ह्या गाड्यायच्या सायलेन्सरात जाळी राहते, डीपीएफ म्हणतात. धुराची काजळी धरून ठेवते. गाडी पंधरा-वीस मिनिटं एका वेगानं पळाली, जाळी तापली, का ती काजळी आपोआप जळते. बाजारात न्या अन् आणा केलं तं इंजिन गरमच होत नाई. काजळी भरते, दिवा लागते, मंग गाडी ओढतच नाई. जाळी बदलाची म्हटलं तं तुमची आल्टो जाईन तेवढ्यात."

"आणखी?" मी विचारलं. मला मजा यायला लागली होती.

"आणखी काही जर्मन डिझेलात टायमिंग चेन मागच्या अंगाले, गिअरबॉक्सकडं राहते. वाजाले लागली तं इंजिन खाली घ्या लागते. ऑटोमॅटिक गिअरचं तेल कधी बदललं ते विचारा. विकणारा म्हणन, लाइफटाइम आहे. कोणाचा लाइफ ते विचारजा. अन् मागची डिक्की उघडून पाहा, स्टेपनी आहे का."

"स्टेपनी नाई राहत?"

"बऱ्याच गाड्यायले नाई राहत. टायरच असे देतात का हवा गेल्यावरही ऐंशी किलोमीटर चालतीन, ऐंशीच्या वेगानं."

वर्ध्याहून नागपूर पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पंक्चर झाली तर शोरूमच्या दारापर्यंत कशीबशी पोचेल. आणि जायचं नागपूरलाच. या जातीच्या गाडीचा अधिकृत वर्कशॉप वर्ध्यात नाही.

काकाजी थोडे हिरमुसले, पण हटले नाहीत. "जर्मन माल आहे मिस्त्री. जर्मन माणूस खोटं बोलत नाई."

आता हे वाक्य मला सोडवेना. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण बाहेर आलं तेव्हा हेच काकाजी मला पेपर वाचून दाखवत होते. चाचणीच्या वेळी धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, अशी करामत इंजिनाच्या संगणकातच भरून ठेवली होती. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं तपासणी केली आणि त्याच डिसेंबरात कंपनीनं भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला परत बोलवायचं जाहीर केलं. त्यात ऑडी आणि स्कोडाही होत्या. २०१९ मध्ये हरित लवादानं पाचशे कोटींचा दंड ठोठावला. त्या काळातली त्या गटाची डिझेल गाडी कोणी घेत असेल तर ती दुरुस्ती झाली होती का, हा प्रश्न आजही विचारावा. शिवाय २०२० साली बीएस-६ आल्यावर ऑडी-स्कोडानं इथलं डिझेलच बंद केलं. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूनं ठेवलं.

बीएस-६ वरून आठवलं. मुलानं दुसरी एक गाडी पाठवली होती, २०२१ ची, अठ्ठावीस लाखांची. काकाजी म्हणाले, "त्या गाडीत म्हणे दुसरी एक टाकी राहते. त्यात युरिया भरा लागते."

मिस्त्रींनी दुसरा पायही खाली टेकवला. "हाव, भरा लागते."

"युरिया?" काकू आता ओट्यावरच आल्या. "वावरातला?"

"वावरातला नाई काकू. शुद्ध राहते. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी पाणी. धूर साफ कराले. संपला तं काही किलोमीटर इशारा देते, मंग गाडी चालूच होत नाई."

"पाहा बाप्पा!" काकू म्हणाल्या. "वावरात पऱ्हाटीले पंचेचाळीस किलोचं एक पोतं भेटाले कृषी केंद्रापुढं लाइन लावा लागते, अन् हे गाडीले पाजून राहिले."

युरियाच्या पोत्याची सरकारी किंमत २६६ रुपये ५० पैसे. पण ऐन पावसात ते त्या किमतीत मिळालं म्हणणारा शेतकरी मला दाखवा. काकूंचा संताप मला गाडीच्या सगळ्या तांत्रिक मुद्द्यांपेक्षा जड वाटला. अठ्ठावीस लाखांची गाडी तिथंच बाद झाली.

मिस्त्री गेल्यावर काकाजी भिंतीवर बसलेच. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सारे मिळून मले घाबरवून राहिले. औरंगाबादच्या लोकायनं एका दिवसात दीडशे बेंझ घेतल्या, त्यायले कोणं घाबरवलं?"

औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. ऑक्टोबर २०१० ची गोष्ट. तिथल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी, बिल्डरांनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींच्या. मराठवाडा मागास नाही हे जगाला दिसावं, असा त्यामागचा विचार. स्टेट बँकेनं चाळीस कोटींच्या वर कर्ज दिलं, सात टक्क्यांनी. त्याच डिसेंबरात पी. साईनाथांनी 'द हिंदू'त त्याच जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरच्या कर्जाची गोष्ट लिहिली. तिथं व्याजाचा दर दुपटीहून जास्त होता. बेंझला सात आणि ट्रॅक्टरला त्याच्या दुप्पट. मी हे काकाजींना सांगितलं. काकाजींनी ते आधीच वाचलं होतं. आमच्या जिल्ह्यात ते न वाचलेला वाचणारा माणूस सापडणं कठीण. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग आमच्या वायफडला येऊन गेले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, गाड्या पाहायला नव्हे.

"पण दीडशे जणायनं नव्या घेतल्या," मी म्हटलं. "त्यायच्यातल्या कितीक आता कोणाच्या तरी मोबाइलवर फिरत असतीन, साडेचौदा लाखाले."

काकाजी हसले. मग त्यांनीच जमनालाल बजाजांची गोष्ट काढली. वर्ध्यात मोटारीच्या गप्पा निघाल्या की ही गोष्ट निघतेच. जुन्या फोर्ड गाडीचं इंजिन काढून तिला बैल जुंपले होते आणि पाहुणे तिच्यात बसून सेवाग्रामकडे जायचे, असं जुने लोक सांगतात. तिला नाव दिलं होतं 'ऑक्सफर्ड'. "वर्ध्यात जुनी विलायती गाडी कशी वापराची," काकाजी म्हणाले, "ते शेठजीनं शिकवून ठेवलं आहे. ना डीपीएफ, ना युरिया."

"अन् विनोबा तं पायीच फिरले," काकू म्हणाल्या.

गाडीच्या विरोधात काकूंचे मुद्दे वेगळेच होते, आणि मला विचाराल तर तेच खरे. पहिला गुडघ्यांचा. नातेवाइकाच्या अशा बुटक्या गाडीत त्या एकदा बसल्या होत्या. आत जाणं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं, आणि बाहेर निघायला दोघांनी हात धरावा लागला. साठीच्या पुढच्या माणसांसाठी ही मोठी सेडान म्हणजे शिक्षा आहे, हे एकही जाहिरात सांगत नाही. दुसरा मुद्दा लग्नाचा. "मोठी गाडी दारात आली का साऱ्या गोताचे नवरदेव हिच्यातच वरातीले निघतीन. नाई म्हणता येत नाई. फुलायच्या टेपीनं रंग निघते, आतमध्ये हळद लागते, अन् डिझेल आपलं." तिसरा उंदरांचा. आमच्या ले-आउटाच्या मागं अजून तुरीचं वावर आहे. थंडीत तिथले उंदीर उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. आल्टोची कुरतडली तेव्हा आमच्या नाक्यावरच्या पोरानं दोनशे रुपयांत जोडून दिली. "त्या गाडीची वायर कोण जोडन?"

चौथा मुद्दा त्यांनी हळू सांगितला. हा दारूबंदीचा जिल्हा. नागपूरकडून मोठी गाडी आली की नाक्यावर पोलीस डिक्की उघडायला लावतात. "हे डिक्की उघडून दाखवतीन अन् सारा गाव पाहीन."

तरी गाडी पाहायची ठरली. माणसाचं मन एकदा बसलं की ते चारचाकीतच बसतं. दलालाचा माणूस गाडी घेऊन येळाकेळीला आला आणि आम्ही दोघं तिथून विरूळपर्यंत गेलो. सीट पाठीला धरते ती सोडत नाही. एकशे वीसवर बाजूच्या माणसाशी कुजबुजलं तरी ऐकू येतं. सिमेंटच्या रस्त्यावर आल्टोत कानात जे भिरभिरतं ते इथं नव्हतंच. ही गाडी वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. काकाजी चालवत होते. विरूळच्या अलीकडं ते म्हणाले, "आता येते." आणि आलं तसं गेलं. एकशे वीसच्या वेगानं सेकंदाला तेहतीस मीटर. बापाचं वावर सहा सेकंदांत मागे पडलं.

"बस्स?" मी विचारलं.

"बस्स," काकाजी म्हणाले. "वापस येताना साठनं घेतो. तुरी तरी दिसतीन."

पुढची गोष्ट थोडक्यात. टोकन द्यायच्या आधी मी चेसिस नंबर मागून घेतला आणि काकाजींच्या मुलानं त्यावरून कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास काढला. मीटरवर आज बहात्तर हजार. तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसच्या नोंदीत एक लाख अठरा हजार. गाडी मागं मागं चालत आली होती. गिअरबॉक्सला तेलाची गळती, पुढच्या सस्पेन्शनचे बुश गेलेले, आणि बाकी किरकोळ धरून पावणेतीन लाखांचा अंदाज. म्हणजे आणखी चौतीस क्विंटल कापूस. दलालाला विचारलं तर म्हणाला, "मीटर डॉक्टरसाहेबांनीच बदललं असेल." डॉक्टर असले म्हणजे असा उपयोग होतो.

काकाजींनी ती गाडी सोडली. माझं स्वतःचं मत विचाराल तर असं: आठवड्याला नागपूर-अमरावती करणाऱ्यानं, ज्याची गाडी खरोखर पळते त्यानं, जिची प्रत्येक सर्व्हिस नोंदलेली आहे अशी जुनी डिझेल सेडान डोळसपणे घ्यावी, साडेचौदा लाखांत दुसरं काहीही तिच्या जवळपास येत नाही. पण खरेदीच्या रकमेखेरीज तीन-चार लाख वेगळे बांधून ठेवता येत नसतील तर घेऊ नये. आणि वर्ध्यातल्या वर्ध्यात फिरणाऱ्यानं तर डिझेलच्या वाटेला जाऊच नये. काकाजी वर्ध्यातल्या वर्ध्यात फिरणारे आहेत. त्यांना ती गाडी एका दिवसासाठी हवी होती, तो दिवस झाला. आता काकू उंच सीटची, पेट्रोलवरची, नवी पाहू म्हणतात.

नागपूरची ती पांढरी गाडी अजून विकाऊ आहे. किंमत साडेतेरावर आली आहे, आणि जाहिरातीत अजून बहात्तर हजार किलोमीटरच लिहिलेले आहेत. पाहायला जाणार असाल तर टोकनच्या आधी चेसिस नंबर मागा, थकलेल्या ई-चलानांची आणि बँकेच्या बोज्याची खात्री करा, फॉर्म २९-३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर त्यांना आधी तिच्यात बसवून, उतरवून पाहा.